पहिल्या महिन्याचे गुण, एकवीस महिन्यांचा खेळ: ‘वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर’चं स्वागत आणि बेळगाव भागातला एक गट

१३ नोव्हेंबर २०१४ ला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या महिन्याच्या वर्गणीवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळाचा पाचवा विस्तार, म्हणजे विकत घ्यायचा नवा मोठा भाग, आला: ‘वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर’. पहिल्या चोवीस तासांत ३३ लाखांवर प्रती खपल्या. त्याच वर्षी जूनअखेर ६८ लाखांपर्यंत घसरलेला वर्गणीदारांचा आकडा विस्तार आल्यावर आठवडाभरात १ कोटीच्या पुढे गेला. समीक्षकांनीही हात आखडता घेतला नाही. समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर शंभरपैकी ८७ गुण पडले, आधीच्या ‘मिस्ट्स ऑफ पंडारिया’पेक्षा पाचने जास्त.

मार्च २०१५ अखेर वर्गणीदार उरले ७१ लाख. जूनअखेर ५६ लाख, सप्टेंबरअखेर ५५ लाख. त्यानंतर खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने हा आकडा जाहीर करणंच थांबवलं. आज जुन्या खेळाडूंना फसलेले विस्तार विचारा, ड्रेनॉरचं नाव पहिल्या काहींत येणारच.

समीक्षक विकले गेले होते असं छातीठोकपणे सांगणारे मला पुष्कळ भेटले. मला ते पटत नाही. त्या समीक्षा मी तेव्हा वाचल्या, नंतर पुन्हा वाचल्या. त्यांत स्तुती आहे ती खऱ्या गोष्टींची आहे. आणि खेळाडूंचा रागही नाटकी नव्हता. माझं म्हणणं असं, की दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी तपासल्या. समीक्षकाने पहिला महिना तपासला. वर्गणीदाराने पुढचे वीस महिने भोगले. हे नीट दिसतं ते एकाच गोष्टीत, गॅरिसनमध्ये, म्हणजे खेळाडूच्या स्वतःच्या छावणीत. पहिल्या महिन्यात जिचं कौतुक झालं तिनेच पुढे खेळ रिकामा केला.

हे मी नुसत्या आकड्यांवरून सांगत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातला एक छोटा गट मी आतून पाहिलाय, कारण मी त्यातलाच. मोठ्या आकड्यांत काय झालं ते कळतं, कसं झालं ते अशा गटातच दिसतं.

गट कसा होता

कॉलेजातली ओळख. शिक्षण संपलं तशी पांगापांग झाली. एक पुण्यात आयटीत, एक बेंगळुरूला. निपाणीचा घरच्या तंबाखूच्या व्यापारात हिशेब बघायचा, खानापूरचा शिकवायचा. शहापूरची मैत्रीण बँकेत लागली. ती आमची शामन, म्हणजे जखमा भरणारं पात्र खेळणारी; रेडमध्ये, म्हणजे मोठ्या गटाने बलाढ्य शत्रूंशी, बॉसशी, करायच्या लढाईत सगळ्यांना जिवंत ठेवणारी. चिकोडीच्या मित्राच्या घरी कन्नड, पण आमच्यात तो मराठीच बोलायचा, आणि बॉस मरायच्या बेतात आला की सगळेच कन्नडमध्ये ओरडायचे. टिळकवाडीत राहणारे आम्ही दोघं.

भारतात या खेळाचा सर्व्हर नाही. आम्ही युरोपच्या सर्व्हरवर होतो. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, २०० मिलिसेकंदांच्या पुढेच असायचं. तिथे संध्याकाळी आठला रेड सुरू व्हायची, तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा वाजलेले असायचे. घरात सगळे झोपलेले, हेडफोनवर कुजबुज, दार लोटलेलं. महिन्याला १२.९९ युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने हजार रुपयांच्या आसपास. परदेशी व्यवहार चालणारं कार्ड दोघांकडेच होतं. बाकीचे त्यांना रोख द्यायचे. आमच्या भागात नुकता नोकरीला लागलेला मुलगा एका खेळावर महिन्याला हजार घालवतो म्हटल्यावर घरी प्रश्न यायचाच, आणि त्याला प्रत्येकाचं उत्तर एकच: सगळे तिथे भेटतात.

हे उत्तर लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर आहे.

खेळाला ३५ जीबी जागा लागायची. घरातल्या ब्रॉडबँडची महिन्याची मर्यादा संपली की वेग गोगलगायीचा व्हायचा. विस्ताराआधीचा मोठा पॅच, म्हणजे खेळात भर घालणारी नवी आवृत्ती, ऑक्टोबरच्या मध्यात आला आणि लगेच दिवाळी होती. पुण्याचा मित्र सणाला येताना सगळा खेळ हार्ड डिस्कवर घेऊन आला. फराळाच्या निमित्ताने ती डिस्क टिळकवाडीतून शहापूरला, तिथून खानापूरला फिरली; निपाणीच्याने भाऊबीजेला येऊन कॉपी करून नेली. १ नोव्हेंबरला शहराचं नाव अधिकृतपणे बेळगावी झालं, गावात त्याचीच चर्चा होती, आणि आमच्या गटात चर्चा ड्रेनॉरची.

पहिला महिना

युरोपात विस्तार मध्यरात्री उघडला, आपल्याकडे पहाटे साडेचारला. उघडला म्हणायचं इतकंच. सर्व्हरबाहेर हजारोंच्या रांगा लागल्या. त्यात सर्व्हरवर बाहेरून हल्ले झाले. शिवाय रचनेतच एक अडचण होती: प्रत्येक खेळाडूला सुरुवातीला एकाच पात्राशी बोलून पुढे जायचं होतं आणि एकाच ठिकाणी आपली गॅरिसन उभारायची होती. लाखो लोक एका दारातून आत जाऊ पाहत होते. कंपनीने आत जायच्या जादा वाटा केल्या, सर्व्हरची क्षमता कमी-जास्त करून पाहिली, आणि शेवटी वर्गणीदारांना पाच दिवस मोफत दिले.

समीक्षकांनी या गोंधळाची नोंद घेतली, पण गुण त्यावर कापले नाहीत. बरोबर केलं. चार-पाच दिवसांत ते निस्तरलं, आणि आत जे होतं ते उत्तम होतं.

गोष्ट अशी. आधीच्या विस्ताराचा खलनायक गॅरोश हेलस्क्रीम खटल्यातून निसटतो आणि पस्तीस वर्षं मागच्या, वेगळ्या वाटेने गेलेल्या ड्रेनॉरमध्ये, ऑर्क या जमातीच्या जगात, पोचतो. तिथे तो आपल्या बापाला, ग्रोमॅशला, राक्षसाचं रक्त पिण्यापासून अडवतो. ज्या रक्ताने ऑर्क गुलाम झाले ते प्यायलंच जात नाही. त्याऐवजी पोलादी फौज उभी राहते, आयर्न होर्ड. ९० पासून १०० पर्यंतच्या दहा लेव्हलचा हा प्रवास मी आजही या खेळातल्या सर्वोत्तम प्रवासांत धरतो. खेळाडूंच्या दोन बाजू, होर्ड आणि अलायन्स; त्यांतल्या होर्डच्या खेळाडूची सुरुवात फ्रॉस्टफायर रिजच्या बर्फात होते. तिथल्या कथेच्या शेवटी टोळीच्या सरदाराचा, डुरोटानचा, भाऊ गानार खिंड लढवत पडतो, आयर्न होर्डला आपल्या अंगावर घेतो आणि वरून कडा कोसळतो. पावनखिंड पाठ असलेल्या पोरांना तो प्रसंग काय वाटला असेल ते मराठी माणसाला सांगायला नको. त्या रात्री गटात बराच वेळ कुणी बोललं नाही.

प्रत्येक प्रदेशाला अशी स्वतःची कथा होती आणि शेवटी तिचा चित्रपटासारखा प्रसंग. वाटेत जागोजाग लपवलेले खजिने, दुर्मिळ प्राणी, सहज हाती लागणारी कामं. गॉरग्राँडमध्ये लाकडाची वखार उभारायची की कुस्तीचा आखाडा, असा निर्णय घ्यावा लागे, आणि त्याप्रमाणे पुढची कामंही वेगळी येत आणि हाती येणारी शक्तीही. जुन्या वंशांची दहा वर्षांपूर्वीची चेहरेपट्टी नव्याने घडवली होती. ऑर्कच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भाव दिसले. पात्रांच्या ताकदीच्या आकड्यांचा फुगवटा कापून ते आटोक्यात आणले होते. रेडसाठी माणसं गोळा करायची नवी सोय खरोखर कामाची होती. डिसेंबरच्या सुरुवातीला हायमॉल ही सात बॉसची रेड उघडली, फेब्रुवारीत दहा बॉसची ब्लॅकरॉक फाउंड्री. फाउंड्रीला नावं ठेवणारा मला आजवर भेटला नाही. ब्लास्ट फर्नेसच्या लढतीत वरच्या कठड्यावरचे आणि खालचे अशा दोन टोळ्यांना एकाच वेळी वेगवेगळं काम करावं लागे. आमची शामन खालच्या टोळीची सूत्रं हलवायची तेव्हा तिचा आवाज ऐकण्यासारखा असायचा.

म्हणजे समीक्षक पहिल्या काही आठवड्यांत खेळून बसला तर त्याच्यासमोर हे सगळं होतं. त्याने ८७ दिले यात मला काही वावगं दिसत नाही. मी कदाचित जास्तच दिले असते.

गॅरिसन

आता मूळ मुद्दा. गॅरिसन म्हणजे तुमची स्वतःची छावणी. सुरुवातीला चार तंबू आणि एक दिवाणखाना, मग लाकूडफाटा आणि सोनं घालून वाढवत न्यायची. तीन टप्पे. लहान, मध्यम, मोठे असे प्लॉट, आणि कुठल्या प्लॉटवर काय बांधायचं ते तुम्ही ठरवायचं: लोहारशाळा, सराय, घोड्यांचा तबेला, भंगाराचं आवार. एक खाण आणि एक औषधी वनस्पतींची बाग प्रत्येकाला. आणि फॉलोअर: कथेत भेटलेली पात्रं तुमच्याकडे येऊन राहतात, एका टेबलावरून तुम्ही त्यांना मोहिमांवर पाठवता. अर्ध्या तासाची मोहीम, चार तासांची, दहा तासांची. कोणत्या धोक्याला कोणता माणूस चालेल हे जुळवलं की यशाची टक्केवारी वाढते.

पहिल्या महिन्यात यासारखी दुसरी गंमत नव्हती. रोज काहीतरी नवं उभं राहायचं. जगात फिरून आणलेल्या नकाशामुळे इमारत वाढायची, क्वेस्टमध्ये, म्हणजे खेळाने दिलेल्या कामात, भेटलेला माणूस घरी यायचा. समीक्षांत गॅरिसनचं कौतुक होतं ते यामुळे, आणि ते योग्य होतं: या टप्प्यावर गॅरिसन माणसाला बाहेर ढकलत होती.

लेव्हल १०० झाली, म्हणजे कमाल गाठली, इमारती तिसऱ्या टप्प्याला पोचल्या, आणि ती दिशा उलटली.

एक सकाळ जवळून बघू. खानापूरचा मित्र शाळेला जायच्या आधी लॉगिन करतो. खाणीत जातो, गाडी येईपर्यंत खनिजं खणतो. त्याचा व्यवसाय खनिजाचा नाही, तरी खाण देते. बागेत जाऊन पाला तोडतो. तोडलेलं लोहारशाळेत कामाला लावतो. काल लावलेलं तयार झालंय ते उचलतो. टेबलाशी येतो, परतलेल्या फॉलोअरकडून सोनं घेतो, नव्या मोहिमा लावतो. मग दुसऱ्या पात्रावर लॉगिन करतो आणि हेच. मग तिसऱ्या. यासाठी त्याला छावणीच्या फाटकाबाहेर पडावं लागत नाही. बँक आत. थोडी खटपट केली की लिलाववालाही आत. दुर्मिळ मोहिमांतून रेडच्या तोडीचं चिलखतसुद्धा घरबसल्या मिळतं. एकाही जिवंत माणसाशी बोलायची वेळ येत नाही, कारण छावणीत जिवंत माणूस असतोच कुठे? ती ज्याची त्याची वेगळी. कुणाला बोलावलं तर येता येतं, पण येऊन करायचं काय, हा प्रश्न.

घरोघरी नळ आले आणि पाणवठा ओस पडला, तसं झालं. पाणी मिळत होतंच, पहिल्यापेक्षा सोयीने मिळत होतं. पण पाणवठ्यावर जे होत होतं ते नळावर होत नाही.

आमच्या गटात हे फार साध्या रीतीने दिसलं. पंडारियाच्या काळात आम्ही होर्डच्या देवळात, दोन चंद्रांच्या श्राइनमध्ये, बसलेले असायचो. काही न करता. कुणी बँकेसमोर, कुणी लिलावासाठी ऑर्ग्रिमारला जाऊन आलेला. येणारे-जाणारे अनोळखी लोक, त्यांची वाहनं, त्यांची आयुधं, ‘हे कुठून मिळालं’ ही विचारपूस. त्या बसण्यातूनच ‘चला, एखादं डंजन मारू’ (पाच जणांची छोटी मोहीम) निघायचं. ड्रेनॉरमध्ये टीमस्पीकवर, म्हणजे आमच्या बोलायच्या अॅपवर, यावं तर संवाद असा:

‘काय करालास?’

‘गॅरिसन उरकालोय.’

‘बरं. मीपण.’

आणि मग दोघंही गप्प, आपापल्या खाणीत.

सार्वजनिक शहर नव्हतं असं नाही. पण त्याचीही एक कथा आहे. आधी जाहीर झालं होतं, की होर्डची राजधानी ब्लेडस्पायर किल्ला असेल आणि अलायन्सची काराबोरचं मंदिर. तयारी चालू असतानाच तो बेत बदलला आणि दोन्ही बाजूंना अॅशरान बेटाच्या टोकांवर छोटी ठाणी मिळाली, वॉरस्पिअर आणि स्टॉर्मशील्ड. काराबोरसारखं भव्य ठिकाण नकाशावर जवळजवळ रिकामं राहिलं. वॉरस्पिअरला जायचं कारण क्वचितच पडे, आणि गेलं तर तिथेही माणसं पाहुण्यासारखी येऊन घाईने परतणारी.

बाहेरच्या जगात १०० लेव्हलनंतर करण्यासारखं उरलं होतं ते अपेक्सिस स्फटिकांचं रोजचं काम: एखाद्या भागात जायचं, समोर येईल ते मारायचं, पट्टी भरायची. त्याला गोष्ट नाही, तोंड नाही, शेवट नाही. पाच जणांची डंजन चांगली घडवलेली होती, पण काही आठवड्यांतच त्यांतल्या वस्तू निरुपयोगी ठरल्या आणि ती ओस पडली. राहिली रेड. ज्याला रात्री साडेबारा ते साडेतीन बसता येतं त्याच्यासाठी ड्रेनॉर शेवटपर्यंत चांगलं होतं. ज्याला येत नाही त्याच्यासाठी खाण आणि बाग. निपाणीच्याचा तंबाखूचा हंगाम सुरू झाला, तो रेडला येईना. पूर्वी असं झालं तरी तो दिवसा येऊन कुणाबरोबर तरी काहीतरी करायचा. आता तो म्हणाला, ‘गॅरिसन करण्यासाठी हजार रुपये? त्यापेक्षा दुकानाचा स्टॉक मोजतो की.’ आणि त्याने वर्गणी बंद केली. आमच्यातला पहिला गळालेला तो, आणि त्याच्या जाण्यात रागाचा लवलेश नव्हता.

म्हणूनच मला रागापेक्षा ही गळती महत्त्वाची वाटते. रागावलेला माणूस निदान आत असतो.

सेल्फी, आणि उडणं

२४ फेब्रुवारी २०१५ ला ६.१ हा पॅच आला. त्यात नवा प्रदेश नव्हता, नवी रेड नव्हती. ब्लड एल्फ या जमातीचे नवे चेहरे, वारसावस्तूंचा संग्रह, ट्विटरची जोडणी आणि सेल्फी काढायचा कॅमेरा. यांतलं एकेक घेतलं तर काही वाईट नाही. पण भुकेल्या माणसाला ताटाऐवजी फोटो दाखवला तर तो चिडणारच, आणि लोक चिडले. ‘सेल्फी पॅच’ हे नाव त्या काळापासून चिकटलं ते आजवर सुटलेलं नाही.

मग उडण्याचा वाद. याआधीच्या विस्तारांत उशिरात उशिरा कमाल लेव्हलला पोचलं की आकाशात उडता यायचं. ड्रेनॉरमध्ये सुरुवातीला ते बंद होतं, पहिल्या मोठ्या पॅचमध्ये मिळेल असं बोललं गेलं होतं. मे २०१५ मध्ये प्रमुख डिझाइनर इयन हाझिकोस्टास यांनी सांगितलं, की ड्रेनॉरमध्ये उडणं नसेल आणि पुढेही नसावं असा विचार आहे. त्यांचं कारण मला पटतं: उडता आलं की दरी, किल्ला, पहारेकरी यांना अर्थ उरत नाही, माणूस वरून येतो, हवं ते उचलतो, जातो. ड्रेनॉरचे लपलेले खजिने जमिनीवरून चालणाऱ्यासाठीच रचलेले होते. पण ही गोष्ट सांगितली कधी, तर वर्गणीदार १ कोटीवरून ७१ लाखांवर आल्याचं नुकतंच जाहीर झालं होतं तेव्हा. ज्यांच्याकडे करायला काही उरलं नव्हतं त्यांना सांगितलं, की जे मिळणार होतं तेही नाही. जूनमध्ये कंपनीने माघार घेतली आणि मधला मार्ग काढला: सगळे प्रदेश पालथे घाला, खजिने शोधा, ठरावीक कामं पूर्ण करा, मग उडा. सप्टेंबरमध्ये तो प्रत्यक्षात आला. तोडगा चांगला होता, म्हणूनच पुढच्या विस्तारांतही तो राहिला. आमच्या बेंगळुरूच्या मित्राने तो पूर्ण करून पहिल्यांदा नाग्रँडवरून झेप घेतली तेव्हा त्याचा आनंद खरा होता. फक्त तो सांगायला आत आम्ही तिघंच उरलो होतो.

जून २०१५ मध्ये ६.२ आला, आणि तो भरलेला होता. तनानचं जंगल, तेरा बॉसची हेलफायर सिटाडेल, जास्त अवघड अशी मिथिक डंजन, गॅरिसनला जहाजांची गोदी. नेमक्या त्याच आठवड्यात, २३ जूनला, ‘फायनल फॅन्टसी १४’ या दुसऱ्या ऑनलाइन खेळाचा ‘हेवन्सवर्ड’ हा विस्तार निघाला आणि आमची शामन तिकडे गेली. तिला जायला तिथला खेळ जास्त चांगला वाटला म्हणून नव्हे. तिच्या बँकेतल्या दोघी तिकडे होत्या. सगळे जिथे भेटतात तिथे माणूस जातो.

६ ऑगस्ट २०१५ ला पुढचा विस्तार ‘लीजन’ जाहीर झाला. म्हणजे ड्रेनॉरमध्ये आता काही येणार नाही हे कळलं. ‘लीजन’ आला ३० ऑगस्ट २०१६ ला. जून २०१५ पासूनचे ते चौदा महिने हेलफायर सिटाडेल हीच शेवटची रेड. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या दिवसांत बेळगावात रात्रभर रस्ते भरलेले असतात. पूर्वी त्या आठवड्यात रेड रद्द करायची की नाही यावर आमच्यात भांडण व्हायचं. २०१६ ला कुणी विषयही काढला नाही, कारण रद्द करायला रेडच नव्हती.

पंडारियाशी ताडून

चौदा महिन्यांचा दुष्काळ हेच कारण, असं बरेच जण म्हणतात. ते पुरेसं नाही. पंडारियातही असाच दुष्काळ होता. ‘सीज ऑफ ऑर्ग्रिमार’ सप्टेंबर २०१३ ला आली आणि पुढचा विस्तार नोव्हेंबर २०१४ ला. तेही चौदा महिनेच. फरक त्याआधीचा आहे. पंडारिया २५ सप्टेंबर २०१२ ला आला आणि वर्षभरात चार मोठे पॅच मिळाले: नोव्हेंबर, मार्च, मे, सप्टेंबर. ड्रेनॉरला दोन, आणि त्यांतला एक सेल्फीवाला.

वर्गणीदारही तसेच. पंडारियाच्या सुरुवातीला १ कोटीवर, डिसेंबर २०१२ अखेर ९६ लाख, मार्च २०१३ अखेर ८३ लाख. सहा महिन्यांत सतरा लाखांच्या आसपास घट. ड्रेनॉरमध्ये डिसेंबरअखेर १ कोटी होते आणि पुढच्या तीन महिन्यांत २९ लाख गेले. या तीन महिन्यांत फाउंड्रीसारखी अप्रतिम रेड उघडलेली होती, दुष्काळ अजून सुरूही झाला नव्हता. त्यामुळे गळतीचं मूळ मला दुष्काळात दिसत नाही. ते गॅरिसनमध्ये आहे, लेव्हल १०० नंतरच्या रिकाम्या जगात आहे. दुष्काळाने फक्त परतीची वाट बंद केली.

समीक्षेच्या गुणांत मात्र पंडारिया ८२, ड्रेनॉर ८७. पंडारियाला आरंभी पांडांमुळे हिणवलं गेलं, पहिल्या महिन्यात रोजच्या कामांचं ओझं फार होतं, आणि ते गुणांत उतरलं. पुढे गडगडाटी बेट आलं, टाइमलेस आइल आलं, तो विस्तार महिन्यागणिक चांगला होत गेला. गुण पहिल्या महिन्याचेच राहिले. दोन्हीकडे चूक एकाच जातीची आहे, फक्त उलट दिशेने.

यावर समीक्षकमित्र म्हणतात, वाचकाला विकत घ्यायचं की नाही ते पहिल्या आठवड्यात हवं असतं. एकदाच विकत घ्यायच्या खेळात ते खरं आहे. महिन्याच्या वर्गणीच्या खेळात वाचक दर महिन्याला पुन्हा विकत घेतो. त्याला मार्चमध्येही कुणीतरी सांगायला हवं होतं. मार्च २०१५ मध्ये लेव्हल १०० चं एक पात्र घेऊन, रेड न करता, चार आठवडे खेळून लिहिलेली समीक्षा मी शोधत होतो. जे लिहिलं जात होतं ते खेळाडूंचं होतं, संतापलेलं, आणि संतापलेलं म्हणून बाजूला टाकलं जात होतं. त्यात गॅरिसनमुळे माणसं भेटेनाशी झाली हे निदान कितीतरी जणांनी अचूक केलेलं होतं.

कंपनीने ते निदान मानलं असं ‘लीजन’ पाहून म्हणता येतं. तिथे छावणी गेली, ऑर्डर हॉल आला: एका क्लासच्या, म्हणजे एकाच प्रकारच्या लढवय्यांच्या, सगळ्या खेळाडूंचा एकच. आत शिरलं की इतर शामन, इतर वॉरियर दिसतात. फॉलोअर आणि मोहिमा राहिल्या, पण फोनवरच्या अॅपमधून लावता येऊ लागल्या. त्यासाठी खाणीत अडकून बसायची गरज उरली नाही. बाहेरच्या जगात वर्ल्ड क्वेस्ट आल्या आणि दलारान हे भरलेलं शहर परत मिळालं.

आम्ही पैसे लगेच भरले नाहीत. ‘लीजन’च्या समीक्षा उत्तम होत्या, मेटाक्रिटिकवर ८८, ड्रेनॉरहून एकच गुण जास्त. त्या वाचून ठरवण्यासारखं काही नव्हतं. पुण्याचा मित्र आधी एकटा आत गेला आणि त्याला दोनच गोष्टी बघायला सांगितल्या होत्या: कमाल लेव्हलला पोचल्यावर संध्याकाळी शहरात माणसं असतात का, आणि पहिला पॅच वेळेवर येतो का. ऑक्टोबर २०१६ च्या अखेरीस ७.१ आला. त्याने दलारानच्या बँकेसमोरच्या गर्दीचा स्क्रीनशॉट गटात टाकला. खानापूरचा, बेंगळुरूचा, चिकोडीचा आणि मी, चौघांनी त्याच आठवड्यात वर्गणी भरली; शामन ‘हेवन्सवर्ड’मध्येच राहिली, आणि निपाणीचा म्हणाला, तंबाखूचा हंगाम उरकू दे, मग बघतो.